फरशीवरची किनार

सोलापुरात मी चित्रकलेचा मास्तर होतो, तेव्हाची ही गोष्ट. शाळेसमोरच्या फरशीवर रोज दुपारी एक तेलुगू विणकर उकिडवा बसून कोळशाने लुगड्याची किनार काढत असे. रेघ ओढायची, मान तिरकी करून पाहायची, तळहाताने पुसायची आणि पुन्हा ओढायची. त्याचा तळवा कायम काळा असे. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा न राहवून मी म्हणालो, "आधी मनाशी नीट ठरवावं आणि मग काढावं. म्हणजे पुसावं लागत नाही."

तो हसला. "मनात काय हाय ते मला तरी कुटं ठावं, मास्तर? हात फिरतो, तवा कळतं की."

मग जरा घुटमळत त्याने विचारलं, "शाळा सुटल्यावर तुमचा फळा मिळंल काय? फरशी लई लहान पडती. किनारीतला मोर वळताना अडतोय."

"फळा शिकणाऱ्यांसाठी असतो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, फरशी पुसली आणि तो गेला. पुन्हा कधी दिसला नाही. शाळा सुटल्यावर फळा तर रोज रिकामाच असे.

मी मुलांकडून नमुन्यांच्या नकला करून घेत राहिलो. माझ्या स्वतःच्या नकला बिनचूक असत. पेन्शन घेतल्यावर एक दिवस पुढ्यात कुठलाही नमुना न ठेवता कोरा कागद घेऊन बसलो. संध्याकाळ झाली, तरी पेन्सिल कागदाला टेकली नाही.