लाल पट्ट्याच्या अलीकडं

नातीनं स्वतःच्या पगारातून घेतलेली ती बुटकी, सुसाट गाडी मलकापूरच्या लग्नात आली आणि नवरदेवापेक्षा तिच्याभोवतीच गर्दी जास्त. नवरदेवही माझाच नातू. त्याच्या दोस्तांची एकच मागणी: वरातीत गाडी जागेवर उभी करायची, न्यूट्रलमध्ये पाय दाबायचा, सायलेन्सरमधून फटाके निघाले पाहिजेत.

नात समजावत होती. इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा लाल पट्ट्यात गेला की आतलं लोखंड ताणलं जातं, कनेक्टिंग रॉड तुटला तर इंजिनची भिंत फोडून बाहेर येतो.

"लिमिटर असते न ताई त्याले," एक जण म्हणाला.

"ते चुकून दाबलं तर वाचवायला आहे. मुद्दाम त्यावर आपटत बसायला नाही."

नवरदेव रुसला. "भावासाठी एवढं बी नाही करत काय?"

नातीचा चेहरा उतरला. हो म्हटलं तर इंजिन जातं, नाही म्हटलं तर भाऊ. मी उठले आणि कण्हत कुंथत त्या गाडीच्या खोल सीटवर जाऊन बसले.

"पह्यले माह्यं ऐका."

लग्न नवं होतं. ह्यांनी शेतात मला जीप शिकवली, म्हणजे पहिला गिअर शिकवला. "दुसरा उद्या," म्हणाले. उद्यापर्यंत थांबेल ती मी कसली. दुपारी ह्यांचा डबा घेऊन निघाले, हे कामाला होते त्या कापसाच्या जिनिंगला, पहिल्याच गिअरमध्ये, पाय पार खाली. इंजिन किंचाळत होतं. बैलगाड्या घाबरून बाजूला होत होत्या आणि मी बावळट मोठ्या ऐटीत मान डोलवून सगळ्यांचे नमस्कार घेत होते. जिनिंगचं फाटक दिसलं तोच बोनेटखाली घण बसल्यागत आवाज झाला. रस्ताभर काळं तेल. हे धावत आले, जीपकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातला डबा घेतला.

"काय वं, दुसरा गिअर माहेरी ठेवून आली काय?"

पोरं हसली. नवरदेव हसू दाबत म्हणाला, "मंग वरात मुक्यानं काढू काय, आजी?"

"डीजे कायले आणला बे? तू बस मांगं. बहीण चालवते."

तो गुडघे हनुवटीला लावून मागं बसला आणि वरात गोगलगायीच्या चालीनं मांडवात पोचली. त्याला उतरवून आम्ही दोघी मोकळ्या रस्त्याला लागलो, तशी मी नातीकडं झुकले.

"दाब न थोडी. लालाच्या अलीकडं."

"आजी, तू पण ना."

पण दाबली. काटा सरसर चढला, आणि पट्ट्याच्या आत शिरायच्या आधीच तिनं अलगद दुसरा टाकला. ह्यांचा डबा मांडीवर असावा तसे मी दोन्ही हात घट्ट धरून बसले होते.