झिजलेली पावलं

माझ्या फ्रेमांच्या दुकानात चाचा सोन्याचा वर्ख लावायला येत. आले की आधी दारं-खिडक्या लावून घ्यायचे, कारण वर्ख झुळकीनंही उडतो. मग कुंचला गालावरून फिरवून जरासा तेलकट करायचे, म्हणजे वर्ख चिकटतो, आणि तो अलगद उचलायचे. तोवर श्वास रोखलेला. त्यामुळे बोलणंही तुकड्यातुकड्यांनी यायचं आणि मी अर्ध्या वाक्यावर ताटकळत राहायचो. आमच्या संस्थानच्या महाराजांच्या पालखीलाही त्यांचाच हात लागलेला.

एकदा गोव्याकडच्या पाद्रीसाहेबांनी इटलीतलं शेकडो वर्षांपूर्वीचं, मरियम आणि तिच्या मांडीवरच्या बाळ येशूचं चित्र दुरुस्तीला दिलं. लाकडी फळीवरचं सोनं जागोजाग उडालं होतं. चाचांनी सगळं भरलं, अगदी बाळ येशूच्या पावलांशीसुद्धा. मी निर्धास्त झालो.

पाद्रीसाहेब चित्र न्यायला येणार त्या सकाळी पाहतो, तर चाचा ओल्या कापसानं पावलांपाशी लावलेलं नवं सोनं पुसत होते. खालचं उघडं लाकूड दिसू लागलं होतं.

"चाचा, हे काय करताय? साहेब येतील आता!"

"हितलं सोनं उडल्यालं न्हाय, मालक." कापूस फिरवतच ते पुढं बोलले. "माणसांनी मुकं घिऊन झिजलंय. आमच्या दर्ग्याचा उंबरा असाच हाय की. त्यो कोण भरून काढतंय व्हय?"

बाहेर टांगा थांबला. पाद्रीसाहेबांनी चित्र उजेडात धरलं आणि पावलांपाशी बोट फिरवलं. मी काहीतरी सबब सांगायला पुढे झालो. मग ते वाकले आणि त्या उघड्या लाकडावर त्यांनी ओठ टेकले.

मी चाचांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, वर्ख उचलताना रोखायचे तसा श्वास रोखून.