दिगूच्या गिटारचा पिकअप

दिगू गेल्याचा फोन मरोळच्या आमच्या कारखान्यात आला, तेव्हा त्याच्या गिटारचा पिकअप माझ्या टेबलावर उघडा पडला होता. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेली लहानशी डबी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तांब्याची तार. तारा छेडल्या की त्यांचा नाद ही डबी पकडते आणि स्पीकरकडे पाठवते. ती दुरुस्त करून द्यायचं मी कबूल केलं होतं. झाली नव्हती, म्हणून कावीळ झालेल्या मित्राला बघायलाही गेलो नव्हतो. रिकाम्या हाताने काय जायचं, असं रोज वाटायचं... आता काही आठवडे उलटलेत, आणि ते वाटणं किती खुळं होतं ते मला रोज नव्याने कळतं.

दिगंबर आणि मी घाटकोपरच्या एकाच चाळीत वाढलो. तो मूळचा मालवणकडचा. वडिलांच्या मागोमाग गिरणीत लागला. मी ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायला शिकलो. गिरणी बंद पडली तेव्हा हौसेने शिकलेली गिटार त्याच्या कामी आली. गणपतीत, नवरात्रात, लग्नाच्या रिसेप्शनला तो एका ऑर्केस्ट्रात वाजवू लागला. पण ती जुनी देशी गिटार घूं करायची, आणि स्टेजवरचे रंगीत दिवे लागले की ती घूं गाण्यावरही चढायची. एकदा मुलुंडच्या मंडपात ऑर्केस्ट्राचे मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "दिगू, तो भुंगा आवर. नाहीतर पुढच्या वेळी दोघंही घरी बसा." वादक हसले. दिगूही हसला. पण संसार त्याच गिटारवर चालला होता.

मग मीच आखातातून आलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून परदेशी पिकअप मिळवला. त्यात दोन कॉइल होत्या. एकीतली घूं दुसरी खोडून टाकायची. दिगूचा हट्ट, की आधी दोन्ही ऐकायचे. सुनंदावहिनी स्वयंपाकघरात आमच्याकडे पाठ करून बांगडे साफ करत होत्या. त्यांनाच पंच नेमलं. दिगूने जुन्यावर एक धून वाजवली. मग मी जुना काढून नवा पिकअप सोल्डरने डाग देऊन बसवला, आणि त्याने तीच धून पुन्हा वाजवली. वहिनी मान न वळवता म्हणाल्या, "पहिल्यांदा तुम्ही वाजवलंत. हा दुसरा माणूस बरा वाजवतो. त्यालाच न्या स्टेजवर."

"ऐकलंस विज्या?" दिगू म्हणाला. "एका डबीपायी बायको गेली हातची!"

तो हंगाम झकास गेला. मालक खूश. पण घरी गिटारची खोळ निघेनाशी झाली. मग एका संध्याकाळी जुना पिकअप खिशात घालून दिगू माझ्याकडे आला.

"हा परत बसव."

"आणि मालक?"

"कार्यक्रम आले की त्यांचा लाव. घरात मला माझा पाहिजे."

"अरे, काढताना माझ्या हातून तार तुटलीय आतली. सगळी नव्याने गुंडाळावी लागेल."

"मग गुंडाळ ना. होती तश्शी. सुधारू नको हां, तुला ती खोड आहे मेल्या."

मी हो म्हटलं आणि सुधारायला बसलो. त्याचाच आवाज ठेवायचा आणि घूं तेवढी काढायची, असं मनाने घेतलं. आणखी एक कॉइल जोडली. आवाज पातळ झाला. उलगडलं, वेगळी तार घेतली, पुन्हा उलगडलं. "झाला?" असं तो विचारायचा. "होतोय," मी म्हणायचो. मग तो आजारी पडला. वहिनींनी निरोप पाठवला, "पिकअपचं राहू दे, तुम्ही या." मी म्हटलं, आज पुरा करतो, उद्या घेऊनच जातो... तो उद्या मी पुढे ढकलत राहिलो.

तेरावं झाल्यावर मी तो पिकअप त्याने सांगितला होता तसा गुंडाळला. पूर्वीसारखीच तार, एकच कॉइल. जेवणाच्या सुट्टीत झाला.

गेल्या रविवारी घाटकोपरला जाऊन तो गिटारमध्ये बसवला. वहिनी समोर बसून होत्या. "लावा," म्हणाल्या. अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला आणि खोलीभर घूं भरली. मला ओशाळल्यासारखं झालं. बटणाकडे हात नेला.

"थांबा."

त्या उठल्या आणि त्यांनी तारांवर पंजा आडवा ठेवला. माणसाचा हात लागला की घूं दबते, तशी ती दबली.

"वाजवायच्या आधी अस्साच हात ठेवून बसायचे... आठवत बसायचे, काय वाजवू."

मी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी हात उचलला आणि घूं परत आली. त्या आत गेल्या. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, आणि मागोमाग त्यांचा.

"बंद नका करू भाऊजी. चहा टाकतेय."