राऊतकाकांनी न वाचलेलं पान

विम्याचे एजंट गोड बोलतात. गास गावचे राऊतकाका मात्र घरात शिरल्या शिरल्या म्हणायचे, "आधी काय मिळणार नाही ते ऐका, मग चहा द्या." चष्मा चढवून पॉलिसीतल्या नकाराच्या अटी शब्दन् शब्द वाचायचे. दारू, आत्महत्या, दंगल, युद्ध. निम्मी गिऱ्हाइकं तिथेच गळायची. "नंतर शिव्या खाण्यापेक्षा आत्ता गेलेली बरी," म्हणत काका चहात बिस्किट बुडवायचे.

माझा धाकटा भाऊ नितीन मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता. निघायच्या आदल्या दिवशी त्याने काकांकडून अपघात विमा घेतला. त्याची बायको सुवर्णा तेव्हा माहेरी, जूचंद्रला गेली होती. वाचता वाचता काका युद्धापाशी आले आणि मी ताडकन म्हणाले, "काका, पोरगा उद्या निघालाय. आज असलं अभद्र वाचू नका!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद मिटला. "बरं, ताई." कधी कुणाचं न ऐकणाऱ्या माणसाने नेमकं माझं ऐकलं.

चार महिन्यांनी कुणा परक्यांच्या लढाईतलं क्षेपणास्त्र त्या जहाजावर पडलं. नितीन गेला. विमा कंपनीचा साहेब थंडपणे म्हणाला, "मॅडम, क्षेपणास्त्र अपघातात बसत नाही." मग कशात बसतं? माझा भाऊ काय बंदूक घेऊन गेला होता? यंत्राला तेल घालायला गेला होता तो! आठवलं की अजून डोकं फिरतं.

आम्ही ग्राहक मंचात तक्रार केली. सुनावणीत सगळं एकाच प्रश्नावर आलं. युद्धाची अट गिऱ्हाइकाला सांगितली होती का? सांगितली नसेल तर ती लावता येणार नव्हती. काका उभे राहिले.

"नाही साहेब. वाचायला विसरलो."

"कुणी थांबवलं होतं का?" कंपनीच्या साहेबाने खोचकपणे विचारलं. मी शेजारीच बसले होते.

"कोण थांबवणार? चूक माझी."

सुवर्णाला विमा मिळाला. काकांची तीस वर्षांची एजन्सी गेली. गेल्या वर्षी काकाही गेले, तेव्हा सुवर्णा मयताला आली नाही. "त्या माणसाने तेवढं वाचलं असतं, तर नितीन त्या जहाजावर चढलाच नसता," ती दातओठ खात म्हणाली.

मी मान डोलावली. तिला खरं अजून सांगितलेलं नाही. कंपनीची आली नाही इतकी चीड मला स्वतःची येते.