ज्याची सही त्यानंच करायची

दत्ताकाकांचा फोन आला तेव्हा मी भाजीच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये होते. "विजया गेली गं सकाळी," एवढंच म्हणाले, आणि मग, "लगेच धावत येऊ नकोस, आत्ता ट्रॅफिक असेल." मी गाडीतच बसून रडले. विजूमावशी वर्षभर आजारी होती, जाणार हे माहीत होतं... माहीत असल्यानं काही कमी होत नाही. आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे सगळे तिच्या चकल्यांबद्दल बोलतात. खरं सांगायचं तर चकल्या कडक व्हायच्या. मला तिच्याबद्दल दुसरंच सांगायचंय.

मी नवऱ्यामागून कॅलिफोर्नियात आले ती डिपेंडंट व्हिसावर. नोकरी करायची परवानगी नाही, सनीव्हेलजवळच्या छोट्या गावात दिवसभर भिंतींकडे बघत बसायचं. मावशी पलीकडच्या गल्लीत राहायची. मूळची नागपूरची, इथं येऊन तीसेक वर्षं झालेली, रीतसर नागरिक, नुकतीच रिटायर झालेली. आमच्या गावाच्या मालकीची जर्दाळूची एक जुनी बाग होती, आणि ती विकून तिथं दुकानं आणायचा कौन्सिलचा विचार चालला होता. कॅलिफोर्नियात मतदारांना स्वतः कायदा मांडता येतो. पुरेशा मतदारांच्या सह्या गोळा केल्या की तो मतपत्रिकेवर जातो आणि गाव त्यावर हो किंवा नाही म्हणतं. मावशीनं आणि तिच्या दोन-चार मैत्रिणींनी तसा कायदा लिहून घेतला : बाग विकायची असेल तर आधी गावाला विचारा. माझी सही चालणार नव्हती, मी मतदारच नव्हते, म्हणून मला ड्रायव्हरची पोस्ट मिळाली.

गंमत म्हणजे स्वतःच्या घरातलीच सही तिला मिळाली नव्हती. तिच्या नवऱ्याचं, दत्ताकाकांचं म्हणणं, दुकानं आली तर गावाला उत्पन्न होईल, जर्दाळू काय, बाजारात मिळतात. इथल्या मराठी मंडळात सगळे तिला चिडवायचे, घरचं मत वळवता येत नाही आणि गाव वळवायला निघालीय. ती म्हणायची, "त्यांनी वाचलंय सगळं. वाचून नाही म्हणालेत."

मंडळाच्या गणपतीला ढीगभर सह्या मिळाल्या. मी खूश. दुसऱ्या दिवशी कागद तपासायला बसलो आणि मावशीचा चेहरा उतरला. कितीतरी जोडप्यांच्या सह्या एकाच हातच्या होत्या. आपली जुनी सवय, दुसरं काय... बायका आत प्रसादाच्या गडबडीत, आणि बाहेर नवऱ्यांनी आपली सही केली, त्याच पेनानं खाली बायकोचीही करून टाकली. गॅसच्या नंबरापासून मुलांच्या प्रगतिपुस्तकापर्यंत आपल्याकडे असंच चालतं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. पण इथल्या नियमाप्रमाणे ज्याची सही त्यानंच करायची. मावशीनं पट्टी घेतली आणि त्या सह्यांवर एकेक रेघ मारायला लागली.

"मावशी, अगं मुदत तोंडावर आलीय. त्या बायका काय नाही म्हणणार आहेत का?"

"मला काय ठाऊक? त्यांना विचारलंय कुणी?"

मी खूप तणतणले. सह्या कमी पडल्या तर कायदा मतपत्रिकेवर जाणारच नव्हता आणि बाग हातची जाणार होती. तिला हे माझ्याहून जास्त कळत होतं. "परत फिरू," एवढंच म्हणाली.

मग आम्ही दारोदार फिरलो. नवरा दार उघडायचा, मावशी म्हणायची, "वहिनींना बोलवा जरा." एक जण हसत म्हणाले, "अहो, ती माझ्या शब्दाबाहेर नाही." मावशी म्हणाली, "चांगलंय की. मग तेच तिच्या तोंडून ऐकते." ती बाई कणकेचे हात धुऊन आली, कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. आम्ही दारात उभ्याच. मग शांतपणे म्हणाली, "मी नाही करत सही. मला ड्राइव्ह करता येत नाही, मावशी. चालत जाता येईल असं एक दुकान झालं तर मला हवंच आहे." नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मावशीनं तिला थँक्यू म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

गाडीत मी फणकारले, "हातची सही घालवलीस."

"ती हातची नव्हतीच," मावशी म्हणाली. "चल, पुढचं घर कुठलं?"

सह्या जेमतेम पुरल्या. कायदा मतपत्रिकेवर आला आणि थोडक्यात हरला. मावशी पुढं दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिला वाईट वाटलं होतं आणि तिनं ते लपवलं नाही. मग कौन्सिलला गिऱ्हाईक मिळालं नाही, बाग तशीच राहिली. या वर्षी विकायची बोलणी परत निघाली, तेव्हा मावशीनं आजारपणातच परत मोहीम काढली. सह्या पुरल्या, हे तिला हॉस्पिटलमध्ये कळलं. नोव्हेंबरात तोच प्रश्न गावापुढं आहे.

गेल्या आठवड्यात मी डबा घेऊन काकांकडे गेले. पोस्टानं मतपत्रिका आल्या होत्या, दोघांच्याही. ती गेल्याचं निवडणूक ऑफिसला अजून कळलं नसणार. हे दोघं घरीच मत भरायचे, डायनिंग टेबलाच्या दोन टोकांना बसून, आपापल्या कागदावर हात आडवा धरून. काकांच्या खुर्चीपुढं त्यांचा लिफाफा चिकटवून तयार होता. तिच्या खुर्चीपुढं तिचा, न उघडलेला. मी त्याच्याकडे बघत राहिले. मागच्या वेळी किती थोडक्यात गेलं होतं... आणि मला तर अजूनही मत नाही.

"माझ्याही मनात आलं होतं," काका म्हणाले. "तिला काय हवं होतं ते मला पाठ आहे. सहीसुद्धा येते मला तिची, हुबेहूब."

त्यांनी चष्मा लावला. तिच्या लिफाफ्यावर मोठ्या अक्षरांत सावकाश लिहिलं, की ही मतदार आता हयात नाही, आणि खाली स्वतःची सही केली. दोन्ही लिफाफे घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेलो.

"आणि तुम्ही काय भरलंत, काका?" परत येताना मला राहवलं नाही.

"ते विचारायचं नाही," काका म्हणाले. "तिनंही कधी विचारलं नाही."