उलटतपास नाही

सत्यशीला खिल्लारे यांच्याकडे आरोपी स्वतःहून येत नाहीत. ज्याला वकील लावणं परवडत नाही, त्याला सरकार वकील देतं, आणि परभणीच्या कोर्टात असा वकील देताना बऱ्याचदा त्यांचं नाव जातं. खून, बलात्कार, दरोडा असल्याच फायली त्यांच्या वाट्याला येतात. वडील सेलूच्या जिनिंगमध्ये कापूस ओढायचे. त्यांच्या हयातीत बाई वकील झाल्या. ते गेले तेव्हा त्या दुसऱ्या वकिलांच्या हाताखाली दिवाणी दाव्यांच्या तारखा घेत होत्या. गरीब आरोपींचा बचाव करणारं लोक अभिरक्षक कार्यालय सुरू झालं तेव्हा त्यांनी अर्ज केला आणि तेव्हापासून सेलू-परभणी रेल्वेनं जाणं-येणं चालू आहे. लग्न केलं नाही. घरात आई आहे. संध्याकाळी भाकरी वाढताना ती विचारते, "आज कोन सुटलं?" बहुतेक वेळा कोणीच सुटलेलं नसतं.

कोकिळाची फाईल त्यांच्याकडे आली तेव्हा ती तुरुंगात जाऊन दोन-तीन महिने झाले होते. पालमजवळच्या एका गावची बाई. नवरा पंडित आणि ती, दोघं दरवर्षी ऊसतोडीला जायचे. पोरगी भक्ती आणि धाकटा गोपाळ गावात राहायचे, पंडितचा थोरला भाऊ दत्ता याच्या घरी. दत्ताची कोरडवाहू शेती होती, तो उसाला जात नसे. म्हणजे वर्षातले सहा महिने ही पोरं आईबापाची कमी आणि चुलत्याची जास्त. पाडव्यानंतर उसावरून परत आल्यावर एका संध्याकाळी पंडित घरातल्या उंबऱ्याशी मरून पडलेला सापडला. डोक्याच्या मागं जखम होती. घरात कोकिळा आणि भक्ती, दोघीच होत्या. दत्तानं फिर्याद दिली. पोलिसांनी भक्तीचा जबाब घेतला: आईनं बापाला वरवंट्यानं मारलं.

पहिल्या भेटीत सत्यशीलाबाईंनी नेहमीसारखं सांगितलं, मी तुमची वकील आहे, तुम्ही मला जे सांगाल ते माझ्यापाशीच राहील. कोकिळा खाली बघत बसली होती. बारीक अंगाची बाई, हातांवर उसाच्या पाल्यानं कापल्याच्या जुन्या रेघा.

"बाहीर जाणार न्हाई ना?"

"नाही जाणार."

"वरवंटा मी हातात बी घेतला न्हाई," ती म्हणाली. "मी ढकललं त्याला. तो पोरीला मारायलता."

मग तिनं सगळं सांगितलं. उसाच्या फडावरच पंडितनं एका मुकादमाच्या भाच्याशी भक्तीचं लग्न ठरवलं होतं. पोरीला तेरावं संपत आलं होतं. लग्न झालं की पुढच्या हंगामाला ऊस तोडायला नवराबायकोची नवी जोडी तयार, एवढाच त्याचा हिशेब. त्या संध्याकाळी तो पिऊन आला आणि पोरीला म्हणाला, उद्या पाहुणे येणार आहेत, साडी नेस. भक्ती म्हणाली, मी शाळा सोडणार न्हाई, मला लग्न करायचं न्हाई. त्यानं तिचा गळा धरला.

"पोरीचे डोळे पांढरे व्हायलते बाई. मी दोन्ही हातानं त्याला मागं लोटलं. तो उंबऱ्यावर पडला. उठंल वाटलं. उठलाच न्हाई."

सत्यशीलाबाईंनी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांच्या कामात असा बचाव त्यांच्या हातात क्वचितच आला होता. दुसऱ्याचा जीव वाचवताना झालेला मृत्यू. कायदा अशा माणसाला खुनी म्हणत नाही. सगळं नीट शाबीत झालं तर बाई घरी जाते. आणि शाबीत करायला साक्षीदारही होता, प्रत्यक्ष ती पोरगीच. गळ्यावरचे वळ कोणी तपासले नव्हते, कारण भक्तीनं ओढणी घट्ट गुंडाळून घेतली होती आणि कोणाच्या मनात तसलं काही आलंच नव्हतं.

"भक्तीची साक्ष होईल," बाई म्हणाल्या. "तिला चुलत्यानं शिकवलंय. मी तिला हळूहळू विचारीन. खरं काय ते ती सांगेल."

"तिला काही इचारायचं न्हाई," कोकिळा म्हणाली.

बाईंना वाटलं, ती घाबरली आहे. पोरीला त्रास होणार नाही, मध्ये पडदा असतो, जज्जसाहेब चांगले आहेत, असं त्यांनी समजावून सांगितलं. कोकिळानं ऐकून घेतलं.

"ती खरं बोलली तर मी सुटंल. पर साक्ष झाली की ती त्याच घरला जाईल ना? माझा भाया, पोरीचा चुलता, लय जीव लावायचा भावाला. कळलं का तुमाला? हिनं लग्नाला न्हाई म्हनलं म्हनून बाप मेला, असं होतंय ते. त्यांच्या घरात तेच बोललं जाईल, अन् गावात बी. जन्मभर बोलतील तिला. आज समदे मला बोलतेत, ते बरं हाय."

सत्यशीलाबाईंनी फाईल मिटली. त्या दिवशी त्या तशाच उठल्या.

पुढच्या काही महिन्यांत त्यांनी जमेल ते केलं. पोरांना दत्ताच्या घरातून दुसरीकडे ठेवता येईल का, याची बालकल्याण समितीत चौकशी केली. ठेवता येत होतं. पण मुलींचं बालगृह वेगळं आणि मुलांचं वेगळं. गोपाळ एकीकडे, भक्ती एकीकडे. कोकिळाचा भाऊ कर्नाटकात उसावर होता, त्याचा फोन लागायचा नाही. समितीनं भक्तीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, गोपाळला सोडून मी कुठं जाणार न्हाई. दत्ता पोरांचे हाल करत असता तर बाईंना एक वाट सापडली असती. पण दत्ता वाईट माणूस नव्हता. पोरं शाळेत जात होती, त्यांच्या अंगावर धडके कपडे होते. भावाला बायकोनं मारलं यावर त्याचा पक्का विश्वास होता. वरवंट्याचं तो आपल्या मनानंच धरून चालला होता, कारण नुसतं ढकलून तगडा माणूस मरतो हे त्याला पटतच नव्हतं. पोरगी गप्प राहिली, ते त्यानं होकार म्हणून घेतलं आणि तेच तिच्याकडून वदवून घेतलं.

प्रत्येक भेटीत बाई तोच विषय काढायच्या. एकदा त्या चिडल्याही.

"कोकिळाबाई, जन्मठेप म्हणजे काय ते कळतंय का तुम्हाला? तुम्ही बाहेर याल तेव्हा गोपाळ बाप्या झालेला असेल."

"कळतंय."

"मग?"

"मंग काय. तुमी मला जबान दिलीय, बाहीर जाणार न्हाई म्हनून."

वकील आपल्या मर्जीनं प्रश्न विचारू शकला असता. सत्यशीलाबाईंनी रेल्वेत खिडकीशी बसून तसे प्रश्न मनातल्या मनात कितीदा तरी लावून पाहिले. वरवंटा कुठं होता, तू कुठं उभी होतीस, तुझी ओढणी कधीपासून गळ्याला होती. एकेक प्रश्न साधा, आणि शेवटी सगळे एकाच जागी पोचणारे. पण जिच्यासाठी लढायचं तिनंच हात धरला होता. वरिष्ठांना त्यांनी नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, पक्षकार शहाणा असेल आणि समजून-उमजून नको म्हणत असेल, तर तुमचा नाइलाज आहे. नाइलाज हा शब्द बाईंनी स्वतः पक्षकारांना अनेकदा ऐकवला होता. तो आपल्या वाट्याला आला की किती रिकामा वाटतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

डॉक्टरांची साक्ष आधी झाली. त्यात बाईंनी जीव ओतला. जखम एकच आहे ना? एकच. घराच्या दगडी उंबऱ्यावर जोरात पडल्यानं अशी जखम होऊ शकते? डॉक्टर म्हणाले, होऊ शकते. वरवंट्यावर रक्त मिळालं नव्हतं. सरकारी वकिलाच्या कपाळाला आठी पडली. त्या दिवशी आईनं भाकरी वाढताना विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "बघू."

मग भक्तीची तारीख आली.

साक्षीदाराच्या पिंजऱ्याला आरोपीच्या बाजूनं पडदा लावला होता, म्हणजे पोरीला आई दिसू नये. कोकिळा मागं आरोपीच्या जागी पोलीसबाईंजवळ उभी होती. भक्ती दोन वेण्या घालून आली होती, उंची वाढली होती. साहेबांनी तिला शाळेचं, मास्तरांचं विचारलं, खरं बोलायचं असतं हे कळतं का विचारलं. कळतं, ती म्हणाली. सरकारी वकील विचारत गेले आणि ती उत्तरं देत गेली. बाप पिऊन आला. आई-बापाचं भांडण झालं. आईनं वरवंटा घेऊन मारलं. सगळं एका सुरात, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं. शेवटचं वाक्य संपवून तिनं पहिल्यांदा मान वर केली आणि बाईंकडे पाहिलं.

"बचाव पक्ष," साहेब म्हणाले.

सत्यशीलाबाई उभ्या राहिल्या. पोरगी त्यांच्याकडेच बघत होती. बाईंनी मागं वळून कोकिळाकडे पाहिलं. कोकिळानं मान हलवली, थोडीशीच, शेजारच्या पोलीसबाईलाही कळली नसेल इतकी.

"उलटतपास नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, ही प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहे. एकही प्रश्न नाही?"

"नाही, सर. एकही नाही."

टायपिस्टनं ते टाईप केलं. पोरीला जायला सांगितलं. ती लगेच हलली नाही. शिपायानं दुसऱ्यांदा सांगितल्यावर खाली उतरली.

त्यानंतर जे झालं ते कोणालाही आधी सांगता आलं असतं. आरोपीला बोलायची संधी मिळाली तेव्हा कोकिळा म्हणाली, तो मला मारायलता, मी ढकललं. पण अटकेच्या वेळच्या तपासणीत तिच्या अंगावर ओरखडाही नव्हता, आणि सरकारी वकिलानं तेवढ्यावर बोट ठेवलं. युक्तिवादात बाई एकाच जखमेवर, उंबऱ्यावर, रक्त नसलेल्या वरवंट्यावर बोलत राहिल्या. साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं. निकालात लिहिलं होतं की डॉक्टरांनी पडण्याची शक्यता नाकारलेली नाही, मात्र मुलीच्या साक्षीला आव्हानच दिलेलं नाही, तेव्हा ती बाजूला सारण्याचं कारण दिसत नाही. जन्मठेप.

कोकिळाला गाडीकडे नेलं. सत्यशीलाबाई कागद गोळा करून बाहेर आल्या तर कोर्टाच्या आवारात लिंबाखाली दत्ता आणि पोरं उभी होती. दत्ता त्यांना पाहून दोन पावलं पुढं आला.

"म्याडम, तुमच्यावर राग न्हाई माझा," तो म्हणाला. "तुमचं काम हाय ते. पर माझा भाऊ गेला."

बाईंनी मान डोलावली. गोपाळला तहान लागली होती, म्हणून दत्ता त्याला घेऊन नळाकडे गेला. भक्ती तिथंच थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली,

"तुमी माझ्या आईच्या वकील ना?"

"हो."

"मला सरकारी वकिलानं इचारलं. साहेबानं बी इचारलं. तुमी काहीच का न्हाई इचारलं?"

बाई हातातले कागद सारखे करू लागल्या.

"मी ठरवून आलते," पोरगी म्हणाली. "काकानं सांगितलं तसं मी आधी म्हनलं. मंग तुमी इचारणार म्हनून थांबले. वर्गातल्या एका पोरीनं सांगलतं, दुसऱ्या बाजूचा वकील इचारतोच म्हनून. तुमी इचारलं असतं तर मी समदं सांगणार होते. गळ्याचं बी."

हे सगळं तिनं हळू आवाजात सांगितलं. रडली नाही. तुझ्या आईनंच मला थांबवलं, हे बाईंना सांगता येत नव्हतं. ते सांगणं म्हणजे कोकिळानं जे ओझं पोरीवर येऊ दिलं नव्हतं, ते उचलून तिच्या डोक्यावर ठेवणं. माझी चूक झाली असं म्हणावं, तर तेही खरं नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या, "तू शाळा सोडू नकोस." म्हणताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. भक्ती आणखी थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग दत्तानं हाक मारली आणि ती गेली.

कोकिळाला हर्सूलच्या तुरुंगात हलवण्याआधी बाई तिला भेटायला गेल्या. सांगावं की नाही, यावर त्यांनी दोन दिवस घालवले होते. पण अपील करायचं तर हे लपवून चालणार नव्हतं. मुलीला पुन्हा साक्षीला बोलवा, अशी विनंती वरच्या कोर्टाला करता येते. क्वचितच मानतात, पण करता येते. त्यांनी लिंबाखालचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

कोकिळा ऐकत होती. "कुणाम्होरं म्हनली ती असं?"

"माझ्या एकटीसमोर."

"दुसऱ्या कुणाम्होरं म्हनू नको म्हनावं तिला."

"कोकिळाबाई, तिची तयारी आहे. आता तरी ऐका."

"लेकरू हाय ते. त्याला काय कळतंय, म्होरं काय होतंय ते. ते काही लिहू नका अपिलात. उंबऱ्याचं तेवढं लिहा."

वेळ संपल्याचं शिपाईबाईनं सांगितलं. कोकिळा उठली, दाराशी गेली आणि परत वळली.

"पर ती सांगणार होती, व्हय?"

"हो. सगळं सांगणार होती."

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच."

कोकिळानं पदरानं तोंड झाकलं आणि आत गेली. ती हसत होती की रडत होती, हे सत्यशीलाबाईंना दिसलं नाही.

अपील खंडपीठात दाखल झालं. त्यात एक जखम आहे, उंबरा आहे, डॉक्टरांचं वाक्य आहे. तिकडं ते दुसरे वकील चालवतात. त्यांनी एकदा फोन करून विचारलं, मॅडम, प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा उलटतपास तुम्ही का सोडला? रेकॉर्डवर फार वाईट दिसतंय. बाई म्हणाल्या, सूचना होती. ते बरं म्हणाले. जामीन झाला नाही. अपील अजून सुनावणीला आलेलं नाही.