दुर्गापूरचं पाणी

मुलाच्या पोटावरची कातडी मी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. अंगात पुरेसं पाणी असलं की कातडी लगेच जागेवर बसते. टाळूलाही खळगा पडला होता. याला आम्ही डिहायड्रेशन म्हणतो, म्हणजे अंगातलं पाणी संपत आलेलं असतं. मूल दहा महिन्यांचं होतं आणि रडत नव्हतं. रडणाऱ्या मुलाची मला फारशी काळजी वाटत नाही.

मे महिन्याची दुपार. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. आमच्या ठेकेदाराचा दवाखाना कुंभवलीला, पत्र्याच्या शेडमध्ये. मी तिथली नर्स. डॉक्टर एक दिवसाआड येत, आणि तो दिवस त्यांचा नव्हता. दारात जुनी लँडमास्टर मोटार उभी होती, टपावर ट्रंका आणि पाळणा बांधलेला. भालेराव नावाचे नवे फोरमन बंगालमधल्या दुर्गापूरहून इथे नोकरीला आले होते. बायको आणि दोन मुलं घेऊन सहा दिवस गाडी चालवत. क्वार्टरची किल्लीसुद्धा न घेता ते आधी माझ्याकडे आले.

"जुलाब कधीपासून?"

"परवापासून. आज सकाळपासून थांबलेत," बाई म्हणाल्या. त्यांना ते बरं लक्षण वाटत होतं.

"पाणी किती पाजलंत?"

"थोड्या थोड्या वेळानं दोन चमचे. बाहेरचा एक थेंब दिला नाही हो. दोन किटल्या घरून उकळून भरून घेतल्या होत्या. दुसरी अजून निम्मी आहे. इथलं पाणी सवयीचं होईपर्यंत लागेल म्हणून राखून ठेवलं."

मी किटली आणायला सांगितली. सहा दिवस ती उन्हात तापलेल्या डिकीत होती. झाकण काढल्याबरोबर वास आला.

पाच वर्षांची मुलगी बाकावर पाय हलवत बसली होती. "मी सगळीकडचं पाणी प्यायले," ती म्हणाली. "बाबा गाडीत ओतायचे ना, त्याच बादलीतलं." तिला काही झालेलं नव्हतं.

"सिस्टर, आदी पानी घाला येच्या तोंडात," आमची आया काशी म्हणाली.

मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं घातलं. ते ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. आता सलाइन. त्यासाठी शीर लागते, आणि अंग कोरडं पडलं की शिरा बसतात. तीनदा सुई टोचली. शीर मिळाली नाही. टाइम ऑफिसातून डॉक्टरांना पालघरला फोन लावला.

"मांडीच्या कातडीखाली चालू करा आणि घेऊन या," ते म्हणाले. "पोचेल?"

"सांगता येत नाही."

"मग बोलू नका, निघा."

मुलीला काशीजवळ ठेवलं. मागच्या सीटवरच्या वळकट्या आणि डबे ओट्यावर काढून टाकले. बाईंच्या मांडीवर मूल, त्याच्या मांडीत सुई, माझ्या हातात बाटली. उमरोळीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ यायला लागली.

"थांबू नका," मी म्हटलं.

"इंजिन जाम होईल, सिस्टर. मग कुठेच जाता येणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. रस्त्याकडेच्या घरातून एक बाई हंडा घेऊन आली. "घ्या दादा, आनकी पन हाय," म्हणाली. भालेराव रेडिएटरमध्ये पाणी ओतत राहिले. भालेरावबाई काचेतून त्या पाण्याकडे बघत होत्या. मी मुलाच्या छातीकडे बघत होते.

पुन्हा निघालो तेव्हा मुलाच्या मांडीवरचा सलाइनचा फुगवटा तसाच होता. कातडीखाली दिलेलं सलाइन रक्त खेळत असेल तरच आत मुरतं. पालघर यायला अजून बराच रस्ता होता. मी बाटली वर धरून बसले.

पालघरला डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "सिस्टर, बाटली खाली ठेवा."

बाईंनी माझा हात धरला. "पाणी घरचंच होतं हो. दुर्गापूरच्या नर्सनं बजावलं होतं, प्रवासात मुलाला पाणी बदलू नका."

दर बुधवारी आमच्याकडे मुलांची वजनं करतात. साताऱ्या-नागपूरहून आलेल्या बाया गावी निघण्याआधी प्रवासातल्या पाण्याचं विचारतात. मी त्यांना हेच सांगत असे, याच शब्दांत. संपलं तर काय, नासलं तर काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

भालेराव आठ दिवसांत दुर्गापूरला परत गेले. या वेळी रेल्वेनं. गाडी इथेच विकली.

आता मी सांगते ते असं. प्रवासात पाणी उकळून द्या. रोज नवं उकळा. उकळायची सोय नसेल तर मिळेल ते द्या. जुलाब लागले तर जास्त द्या. बाया कंटाळतात. एकीनं परवा तोंडावर म्हटलं, "सिस्टर, एकच गोष्ट किती वेळा सांगता?" तिला मी तेच परत म्हणायला लावलं आणि मग मुलाला वजनकाट्यावर ठेवलं.